बरणीतलं मीठ

आई माझ्याशी शेवटचं बोलली ते बरणीबद्दल. दवाखान्यातल्या खाटेवर ती उशीला टेकून बसली होती. नाकातली नळी तिनं स्वतःच उपसून काढली होती आणि त्यावरून सिस्टरशी तिचं एक भांडण नुकतंच होऊन गेलं होतं. मी डब्यातली भाताची पेज चमच्यानं भरवायला लागले, तर तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "बरणी बघ. मीठ कमी पडलंय... मीठ घाल." मी म्हटलं, "हो." त्यावर ती म्हणाली, "हो हो नको करू. घाल." मग पेज चार चमचे खाल्ली, पाचवा नको म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेत नववीच्या वर्गावर होते. शिपाईमावशी दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या, तेव्हाच मला कळलं. फोन शिवाचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा होता. मी खडू खोक्यात ठेवला, हात धुतले आणि निघाले. रिक्षात बसल्यावर डोक्यात पहिला विचार आला तो तिचा नाही, बरणीचा. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं झालं.

कुठली बरणी, हे आमच्या घरात विचारावं लागत नव्हतं. लहानसहान दहा बरण्या असतील, पण 'बरणी' म्हटलं की आईच्या खाटेमागच्या कोपऱ्यातली, लाल फडक्यानं झाकलेली, दोन-अडीच फुटांची तपकिरी चिनी मातीची बरणी. ती रिकामी होती. रिकामीच ठेवायची होती. आई मेल्यावर सात वर्षांनी मी तिची कबर उघडायची, तिची हाडं एकेक करून वर काढायची, तांदळाच्या दारूनं पुसायची आणि त्या बरणीत रचायची. पायाची हाडं तळाशी, मग वर मांड्या, बरगड्या, सगळ्यात वर डोकं... म्हणजे माणूस आत बसल्यासारखा दिसला पाहिजे. आणि मग ती बरणी घेऊन मी कलकत्त्याला जायचं, जिथं माझे वडील पुरलेत तिथं. तसं वचन मी तिला दिलं होतं. कोंबडी साफ करायची झाली तरी मी नवऱ्याला हाक मारते, त्या बाईनं हे वचन दिलं होतं.

आता मुळापासून सांगते. माझी आई स्यू-यिन. गारखेड्यात आमच्या गल्लीला ती चिनी मावशी म्हणून ठाऊक. जन्म कलकत्त्याचा, पण तिचे आजोबा-आजी बोटीनं चीनहून आलेले. आमच्या लोकांना हक्का म्हणतात, आणि या शब्दाचा अर्थच मुळी 'पाहुण्यांची घरं' असा आहे. कितीएक पिढ्या उत्तरेतून दक्षिणेत, तिथून समुद्रापलीकडं असं हलत राहिलेली ही माणसं. जिथं जातील तिथं आधीच कुणीतरी राहत असायचं, म्हणून ही कायमची पाहुणी. आणि हलताना मागं कुणाला सोडायचं नाही, म्हणून मेलेल्यांची हाडंही बरणीत घालून बरोबर न्यायची. आईला हे सगळं अभिमानाचं वाटे. तिच्या तरुणपणी चीनशी लढाई झाली तेव्हा तिच्या वडिलांना ठाण्यावर जाऊन कागद दाखवावे लागत, शेजारच्यांनी बोलणं टाकलं होतं. त्यातून तिनं एक नियम करून ठेवला होता आणि तो मला लहानपणापासून पाठ होता. पाहुण्यानं आवाज चढवायचा नाही, यजमानाच्या भांडणात पडायचं नाही, आपलं सामान बांधायला सोपं ठेवायचं.

वडील इथं, तेव्हाच्या औरंगाबादला, अजिंठा-वेरूळ बघायला येणाऱ्या लोकांच्या एका हॉटेलात स्वयंपाकी म्हणून आले. मी इथलीच, जन्म इथला. मी आठ वर्षांची असताना पोटाच्या दुखण्यावर इलाज करायला ते कलकत्त्याला भावाकडं गेले आणि तिकडंच वारले. तिकडच्या चिनी दफनभूमीत त्यांना ठेवलं. सगळे नातेवाईक म्हणत होते, आता कलकत्त्यातच राहा. आई म्हणाली, सामान औरंगाबादला आहे. आम्ही दोघी परत आलो. येताना तिनं ही बरणी विकत घेतली आणि दोन दिवसांच्या प्रवासात मांडीवरून खाली ठेवली नाही. मी मात्र खिडकीशी एकटी बसले. परत आल्यावर पुढच्या खोलीत तिनं ब्यूटी पार्लर काढलं, दोन खुर्च्या आणि एक आरसा, आणि पुढची चाळीस वर्षं गारखेड्यातल्या नवऱ्या तिच्या हातून सजून गेल्या. सामान आणायला आलेली बाई अशी की तिनं सामान बांधलंच नाही. पण हे म्हणायची सोय नव्हती. कुणी 'तुम्ही इथल्याच झालात' म्हटलं की ती बरणीकडं बघायची.

मी मात्र इथली होण्यासाठी जिवाचं रान केलं. घरचं माझं नाव मोयलान. शाळेत दाखल करताना मास्तरांना ते लिहिता येईना, त्यांनी 'मीना' लिहिलं, आणि मी त्या मास्तरांचे उपकार जन्मभर मानले. पाचवीत गेले तेव्हा एके दिवशी ठरवलं की आता आईला 'आ-मे' म्हणायचं नाही, 'आई' म्हणायचं. आ-मे म्हणजे आमच्या बोलीत आईच. ती मला रागावली नाही. फक्त मी 'आई' म्हटलं की तिला ऐकू यायचं बंद झालं. पार्लरमध्ये गिऱ्हाइकाच्या भुवया करत असायची, दोरा दातात, आणि मी दारातून चार वेळा हाक मारायची. शेवटी ती गिऱ्हाईक बाईच म्हणायची, "मावशी, पोरगी हाका मारतीया." असं वर्षभर चाललं. वर्षानंतर एकदा मला ताप आला आणि मी 'आई, पाणी' म्हटलं तेव्हा तिनं उठून पाणी दिलं. त्या दिवसापासून ती 'आई'ला ओ द्यायला लागली. मी जिंकले असं मला वाटलं. पण ती मला शेवटपर्यंत मोयलानच म्हणाली, माझ्या शाळेत आली तरी, मुख्याध्यापकांसमोरही. अलीकडं शहराच्या पाट्या बदलल्या, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तेव्हा तिला फार मजा वाटली. म्हणे, "बघ, गावालासुद्धा दोन नावं. त्याला नाय लाज, तुलाच लई."

चौदा वर्षांची असताना मी एक पराक्रम केला. वर्गातल्या मैत्रिणीच्या घरी कैरीचं लोणचं घालताना पाहिलं होतं आणि मला वाटलं, आपल्याही घरात लोणचं पाहिजे, मराठी घरात असतं तसं. आई औरंगपुऱ्यात पार्लरचं सामान आणायला गेली होती. मी पाच किलो कैऱ्या फोडून घेतल्या, मोहरी, तिखट, मीठ, हिंग सगळं मापात, आणि एवढं लोणचं मावेल अशी घरात एकच बरणी होती. आई आली. वासानंच तिला कळलं. फडकं काढून तिनं आत पाहिलं आणि माझ्या कानाखाली अशी ठेवून दिली की मी भिंतीला टेकले. म्हणाली, "तिच्यात मी बसायची आहे. तू कैऱ्या बसवल्या?" मला मार लागला होता आणि हसूही येत होतं, आणि त्या हसण्याचा तिला जास्त राग आला. मग ओट्याखाली बसून तिनं ती बरणी तीन वेळा गरम पाण्यानं धुतली, उन्हात ठेवली, आत उदबत्ती फिरवली. लोणचं सगळ्या गल्लीत वाटलं. शेजारच्या नजमाखालाकडं त्यातलं निम्मं गेलं. तिनं बोटानं चाटून सांगितलं, "मीना, अचार तो अच्छा है, मगर तेरी माँ की कबर में डालने का नहीं था रे." नजमाखाला आईहून दहा वर्षांनी लहान. आमची भिंत एक, आणि आईची या गावातली एकुलती एक मैत्रीण. दोघींचं बोलणं हिंदी, दखनी, मराठी असं कसंही चालायचं, पण अडायचं नाही.

एक गोष्ट मला आजही सलते. मी सतरा वर्षांची होते. वडिलांच्या जुन्या हॉटेलात बुद्धाची लेणी बघायला आलेले चिनी यात्रेकरू उतरले होते. त्यांचा दुभाषा आजारी पडला आणि मॅनेजरला आईची आठवण झाली. आई दोन दिवस वेगळीच बाई झाली होती. पेटीतला जुना रेशमी झगा काढला, माझे केसही तिनंच बांधले, मला बरोबर घेतलं. बसमध्ये ती त्या लोकांशी बोलायला लागली आणि ते लोक नम्रपणे हसत राहिले. ते बोलले, तर ही नम्रपणे हसत राहिली. त्यांची चिनी वेगळी, आमची हक्का वेगळी, एक शब्द जुळेल तर शपथ. फर्दापूरला चहाला गाडी थांबली. चहावाला आईला म्हणाला, "मावशी, ही तुमचीच माणसं ना? मग बोला की त्यांच्याशी, गप का उभ्या?" आणि मी फिदीफिदी हसले. मला खरंच मनापासून आनंद झाला होता. वाटलं, बघ, तुझेही कुणी नाहीत, आता तरी सोड. आईनं चहाचा ग्लास ठेवला. परतीच्या गाडीत, शहराच्या वेशीवरचं हर्सूल येईपर्यंत, ती झग्यावरच्या चुण्या हातानं सरळ करत बसली. मग म्हणाली, "त्यांना वाटलं, मी इथलीच कुणी आहे." मी म्हटलं, "मग चांगलंच झालं की." तिनं तोंड खिडकीकडं केलं. तेव्हा तिचं वय माझ्या आजच्या वयापेक्षा कमी होतं, हे आता हिशेब केल्यावर लक्षात येतं.

पुढं मी मराठी घेऊन एम. ए. केलं आणि हायस्कुलात मराठीची बाई झाले. दर जूनमध्ये नवी पोरं माझ्या तोंडाकडं आणि हातातल्या व्याकरणाच्या पुस्तकाकडं आळीपाळीनं बघतात, मग एखादं धीट पोरगं विचारतंच, "मॅडम, तुम्ही शिकवणार मराठी?" मी त्याला लगेच समास सोडवायला उभं करते. आईचं मत असं की मी दुसऱ्याच्या घरात जाऊन त्यांनाच त्यांचं घर दाखवते आहे. आमच्या भांडणांची तऱ्हाही मजेशीर होती. ती हक्कात बोलायची, मी मराठीत उत्तर द्यायची, आणि राग शिगेला पोचला की ती पार्लरमधल्या बायकांकडून शिकलेल्या मराठीवर यायची. तिची मराठी 'लई', 'व्हय', 'नाय', 'कवा', 'म्या'ची. आणि मी, सांगायला लाज वाटते, भांडता भांडता तिला दुरुस्त करायची. 'नाय नव्हे, नाही.' 'म्या नव्हे, मी.' कल्पना करा, आई रडतेय आणि मुलगी शुद्धलेखन तपासतेय.

लग्नाच्या वेळी तर तिनं अन्नपाणीच सोडलं. शिवा लातूरकडचा, लिंगायत घरातला, पाटबंधारे खात्यात नोकरीला. आईचं म्हणणं, तू त्या घरची झालीस की माझी हाडं कोण धुणार. मी म्हटलं, या काळात असलं कुणी करतं का. मग तिसऱ्या दिवशी शिवा स्वतः आला. पार्लरच्या खुर्चीत बसला, कारण दुसरी बसायला जागा नव्हती, आणि आरशातून आईकडं बघत सांगायला लागला, "मामी, आमच्यातही जाळत नाहीत, पुरतातच. आणि झोपवून नाही, बसवून पुरतात." आईनं त्याच्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. विचारलं, "बसवून?" तो म्हणाला, "हां, मांडी घालून. वरून मीठ घालतात." आईनं आत जाऊन चहा टाकला. जावई बसवून पुरणाऱ्यांतला आहे एवढं तिला पुरलं. पण मला तिनं बरणीसमोर उभं केलं, फडकं काढलं, माझा हात बरणीच्या काठावर ठेवला आणि वचन घेतलं. सात वर्षांनी तू काढायचं, तू पुसायचं, तू पोचवायचं. मला लग्न करायचं होतं, मी हो म्हणाले. सव्वीस वर्षांची होते, मरण लांब होतं.

ते वचन मात्र माझ्यापासून लांब गेलं नाही. तिच्या घरी गेले की आधी कोपऱ्यातलं लाल फडकं दिसायचं. ती खोकली की मी दचकायची, आणि ते सगळं काळजीनं नसायचं. मी चिडून दोन-तीनदा विषय काढला, की आई, तू इथंच राहा ना, छावणीकडची दफनभूमी चांगली आहे, मी दर रविवारी येईन. ती म्हणायची, "पाव्हणा मुक्काम करतो, घर नाय करत." आणि मग आठ-आठ दिवस आमचं बोलणं बंद. दोघी एकाच गावात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर, आणि निरोप नजमाखालाकरवी.

कोरोनाच्या दिवसांतली एक सकाळ आठवते. मी आईला भाजी घेऊन द्यायला गेले होते. गाड्यापाशी आम्ही दोघी, तोंडाला फडकी. एक मोटारसायकलवाला जवळून जाताना ओरडला, "ए चायना, जाव ना वापस." असं मला जन्मभर कुणी ना कुणी म्हणत आलंय. मी नेहमीप्रमाणं मान खाली घालून मेथी निवडायला लागले. आई, जिनं पाहुण्यानं आवाज चढवायचा नाही हे मला पाठ करून घेतलं, ती रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. "ए, थांब. म्या इथं पन्नास वर्सं झाली. तुझ्या मायला नवरी म्हणून म्याच सजवली आसंल. तू कवा आलास?" तो थांबला आणि ओशाळून निघून गेला. भाजीवाली हसून हसून वाकली. म्हणाली, "लई ब्येस केलं मावशी." मला भरून आलं होतं, आणि तोंडातून सवयीनं निघालं, "म्या नव्हे आई, मी." तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, कीव आल्यासारखं. म्हणाली, "तू लई स्वच्छ बोलती, मोयलान. पाव्हणे बोलतेत तसं."

हे वाक्य मला इतकं लागलं की मी महिनाभर तिच्याशी नीट बोलले नाही. पण मनात ते घोळत राहिलं. वर्गात 'नाय' म्हणणाऱ्या पोरांना टोकायचं मी त्या वर्षापासून जरा कमी केलं.

या थंडीत तिची तब्येत उतरत गेली आणि जानेवारी संपता संपता दवाखाना लागला. नजमाखाला नेमकी तेव्हाच लेकीच्या बाळंतपणासाठी जालन्याला गेलेली. आई गेली तेव्हाही ती नव्हती. छावणीकडच्या ख्रिस्ती दफनभूमीत जागा मिळाली. आई मिशनच्या शाळेत शिकलेली, रविवारी चर्चला जायची आणि घरी पूर्वजांना उदबत्ती लावायची, दोन्हीकडं कुणाची तक्रार नव्हती. मी शिवाला तिचं शेवटचं बोलणं सांगितलं. बरणी बघ, मीठ घाल. तो लगेच म्हणाला, "बरोबर आहे. मामींच्या लक्षात राहिलं बघ, आमच्यात घालतात ते. त्यांना पाहिजे होतं." माझ्याही मनात तेच आलं होतं. मीठ म्हणजे पुरताना घालायचं, बरणी म्हणजे सात वर्षांनी. शेवटच्या शुद्धीतही तिनं मला वचनाची आठवण करून दिली, सोडलं नाही. शिवानं जाड्या मिठाची दोन पोती आणली. खड्डा खणणारा म्हातारा म्हणाला, "बाई, इथं कुणी मीठ घालत नाय." मग माझं तोंड बघून म्हणाला, "घाला. ज्याची त्याची रीत." मी माझ्या हातांनी मीठ पसरलं. बोटांना कुठंतरी चिरा होत्या, त्या झोंबल्या. त्या दिवशी मला रडू आलं नाही. मला राग आला होता. मी खड्ड्याच्या काठावर उभी राहून सात वर्षं मोजत होते. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची असेन, गुडघे दुखत असतील, आणि मला इथं परत यावं लागेल...

पुढचे पाच-सहा आठवडे मी आईच्या घरी गेले की पुढच्या खोलीत बसायची. पार्लरच्या आरशावरची धूळ पुसायची, खुर्च्या पुसायची, आणि परत यायची. खाटेच्या खोलीत पाय टाकवत नव्हता. शिवा म्हणाला, "बरणी मी आणून माळ्यावर ठेवतो." मी म्हटलं, हात लावू नकोस. मग नजमाखाला जालन्याहून परतली. दारातच मला मिठी मारून ती खूप रडली, आणि रडणं संपल्यावर नाक वर करून म्हणाली, "मीना, ये बास कायका?" खरंच आंबूस वास येत होता. आईच्या घराला तो वास कायमच होता, म्हणून माझ्या लक्षात आला नव्हता. ती मोहरीची पानं खारवून मुरवायची, त्याला आमच्यात हाम-छोय म्हणतात. गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत मोहरी लावायची, पानं उन्हात सुकवायची, मीठ चोळून काचेच्या बरण्यांत दाबायची. डुकराच्या मटणात, भातावर, कशातही घालायची. लहानपणी शाळेच्या डब्यात ते दिलं की मी डबा न उघडता परत आणायची.

नजमाखाला सरळ आतल्या खोलीत गेली. मी मागं मागं. तिनं खाटेमागचं लाल फडकं ओढून काढलं. मी म्हटलं, "खाला, राहू द्या ते." पण झाकणाच्या कडेनं पाणी पाझरून फरशीवर त्याचा डाग पडला होता. तिनं झाकण उचललं. आत काठापर्यंत मोहरीची पानं दाबून बसवलेली होती, वर एक धोंडा, आणि सगळ्यावर पांढरी साय धरलेली. नजमाखाला वाकून बघत म्हणाली, "देखो, नमक कम पड़ा. मैं बोली थी उसको, इत्ते पत्ते को इत्ता नमक नहीं पुरता."

मी खाटेवर बसले. बरणी बघ, मीठ कमी पडलंय, मीठ घाल... बाई शेवटच्या दिवशी लोणच्याबद्दल सांगत होती आणि मी दोन पोती मीठ तिच्या अंगावर घातलं होतं.

मग नजमाखालानं सगळं सांगितलं. डिसेंबरात मोहरी बेसुमार आली होती. काचेच्या बरण्या पुरेनात. आईनं बरणीचं फडकं काढलं. खाला म्हणे घाबरलीच. "मैं बोली, आपा, ये तो तुम्हारे जाने की बरनी है ना? तो बोली, जाने का कैन्सल." मी विचारलं, असंच म्हणाली? "असंच. मैं बोली, कायकू कैन्सल? तो उंगली पे गिनी. मकान मेरे नाम पे. राशन कार्ड मेरे नाम पे. नल मेरे नाम पे. फिर मेरेकूच पूछी, नजमा, मेहमान के नाम पे नल रहता क्या?" खालाला ते आठवून हसू आलं आणि पुन्हा रडूही. मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलं? मी तीस वर्षं झोपेतसुद्धा ती हाडं वेचतेय. एका शब्दानं सांगायचं होतं." नजमाखालानं पदरानं बरणीचा काठ पुसला. म्हणाली, "मैं भी बोली, मीना को बोल दे. बोली, नक्को. उसको बोली तो वो बोलेगी, मैं जीत गई."

आणि मी म्हणाले असते. खरंच म्हणाले असते, वर तिचं व्याकरणही दुरुस्त केलं असतं. मी त्या खाटेवर बसून इतकी हसले की नजमाखाला पाणी आणायला धावली. हसता हसता मग रडले. आई गेल्यापासून पहिल्यांदा, मोकळं. इतक्या वर्षांचं ओझं असं लोणच्यात उतरलेलं मी कुणाचं पाहिलं नाही. संध्याकाळी शिवाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग ती दोन पोती?" मी म्हटलं, असू दे, जावयाकडून. आमच्याकडं एकदा मातीला दिलं की दिलं, असं तो नेहमी म्हणायचा. आता आईचंही तसंच झालं. वडील तिकडं, ती इथं, आणि दोघांच्या मधे एवढा मोठा देश. याचं वाईट वाटायला हवं. वाटतंही कधीकधी. पण ते तिनं स्वतः बोटावर मोजून ठरवलं होतं, माझ्यासाठी नव्हे, हे मला जास्त बरं वाटतं. दर रविवारी मी छावणीकडं जाते, बोलल्याप्रमाणं.

बरणी आता माझ्या स्वयंपाकघरात आहे, खिडकीखाली, फडक्याशिवाय. वरची खराब पानं काढून टाकली, कडेनं काठ पुसला, उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ विरघळवून ओतलं. किती मीठ ते खालाही सांगू शकली नाही, मीच अंदाजानं घातलं. परवा एक पान काढून भातावर घेतलं. लहानपणी ज्या चवीवर मी डबा बंद करायची तीच चव, आंबट, थोडी उग्र. दोनदा भात घेतला. मग पाचवीपासून न वापरलेला शब्द तोंडात आला आणि घरात कुणी नव्हतं म्हणून मी तो मोठ्यानं म्हटला. मीठ लई बरोबर झालंय, आ-मे.